अकरा सायकली आणि भाड्याचा हिशेब

आमच्या राहुरी भागात जाड टायरच्या, गिअरच्या सायकलीला सरसकट 'रेंजर' म्हणतात. कंपनी कोणतीही असो, पोरांच्या तोंडी रेंजरच. इंग्रजीत तिचे नाव माउंटन बाइक, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल. पोरांना ती हवी असते आणि आईबापांना काळी, भक्कम, मागे कॅरिअर असलेली साधी सायकल हवी असते. हा वाद घरोघरचा आहे. २०२२ साली आमच्या वस्तीतल्या अकरा घरांचा हा वाद माझ्या अंगणात आला, कारण वस्तीत ट्रक माझ्या एकट्याकडे आहे.

ट्रक मालक म्हटले की लोकांना मोठेपणा वाटतो. गाडी एकच, तीही जुनी घेतलेली. मालक मी, ड्रायव्हरही मीच. महिन्याच्या महिन्याला फायनान्सचा हप्ता भरायचा. राहुरी, घोडेगाव, नगरची नेप्ती, असा जिथे मिळेल तिथे कांदा भरायचा आणि दिल्लीच्या आझादपूर मंडीत उतरवायचा. येताना मिळेल ते भाडे घ्यायचे. परतीचे भाडे मिळाले नाही तर रिकामी गाडी आणावी लागते आणि जातानाची कमाई डिझेलमध्ये जाते. आमच्या धंद्याची सगळी मेख या परतीच्या भाड्यात आहे.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. चाकावर पोट असलेल्या माणसाचे दुःख आम्हाला सांगावे लागत नाही. पण इकडे शिकणाऱ्या लेकरांचे हाल होऊ लागले. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळा-कॉलेजासाठी बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. गाडीच नाही म्हटल्यावर पास दप्तरात राहिला. माझी भाची तेव्हा अकरावी सायन्सला होती. कॉलेज नऊ किलोमीटरवर. जीपला जाऊन-येऊन रोजचे ४० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. तिच्या वर्गातल्या दोन मुली दिवाळीनंतर कॉलेजात गेल्याच नाहीत. जानेवारीत करोनामुळे शाळा काही दिवस बंद झाल्या होत्या. त्या उघडल्यावर वस्तीतले लोक एका संध्याकाळी विहारासमोरच्या ओट्यावर बसले आणि सायकलींचा विषय निघाला.

"तुझी गाडी दिल्लीला जातीच. तिथून लुधियाना किती लांब? येताना रिकामाच येतोस. घाऊक भावात घेतल्या तर निम्म्यात पडतील," असे एकाने सुचवले आणि सगळ्यांनी मान डोलावली.

मी म्हणालो, "आधी सायकल कोणती ते ठरवू, मग भाड्याचं बोलू."

'भाडे' हा शब्द ऐकून एक जाणते गृहस्थ चिडले. "घरच्या लेकरांच्या सायकलींना भाडं लावतोस का रे?"

मी गप्प राहिलो. उत्तर दिले ते एका काकूंनी. त्या शेतमजुरी करतात, यजमान नाहीत, पोराच्या सायकलीसाठी भिशीचे पैसे देणार होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, भाडं लावून घ्या. फुकट आणलंत आणि काही मोडलं, तर मला तुम्हाला बोलता यायचं नाही."

ओट्यावर कोणी काही बोलले नाही. मी व्यापाऱ्याच्या मालाला जो दर घेतो तोच दर खोक्यामागे लावायचा, असे तिथेच ठरले. अकरा घरांची नावे आणि जमा रकमा एका वहीत लिहिल्या.

आता सायकल कोणती? पोरांची यादी तयार होती: एकवीस गिअर, डिस्क ब्रेक, पुढे-मागे शॉकअप. ती यादी घेऊन मी नगरला एका जुन्या सायकल मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून विचारले, "सायकलवर काय न्यायचंय?" मी सांगितले, दप्तर, डबा, कुणाचे दूध, कधी दळण. ते म्हणाले, "मग मागचा शॉकअप पहिला काढून टाक. स्वस्त सायकलीच्या स्प्रिंगा पायाचा जोर खातात, वर्षात सांधे खुळखुळे होतात आणि कॅरिअर बसवायला जागा राहत नाही. डिस्क ब्रेकचं सामान तुमच्या गावात मिळतं का? रबराचा ब्रेक घ्या, त्याचे गुटके कुठेही मिळतात. आणि एकवीस गिअरचं काय करणार? मागे सात पुष्कळ झाले."

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली. या सायकलीची वरची नळी सीटकडे उतरती असते. पंजाबी ड्रेस घातलेली मुलगी सहज पाय टाकते आणि तीच सायकल पुढे भावालाही चालते. म्हणजे 'लेडीज' आणि 'जेन्ट्स' असा दोनदा खर्च नको. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो गरीब बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिले आहे. त्या बायकांना पुरुषी सायकलच सोयीची वाटे, कारण तिच्या आडव्या नळीवर पोर बसवता येते. म्हणजे सायकलीवरून काय वाहून न्यायचे आहे, हे पाहूनच त्या बायका निवड करीत होत्या. आमच्या मिस्त्रींचा पहिला प्रश्नही तोच होता.

शेवटी ठरले ते असे: २६ इंची, लोखंडी, पुढे साधा फोर्क, मागे सात गिअर, रबराचे ब्रेक. वर कॅरिअर, मडगार्ड आणि स्टँड आपण वेगळे बसवायचे. पोरे थोडी हिरमुसली, पण टायर जाड होते आणि गिअर होते, तेवढ्यावर समजूत पटली.

या सायकलीचा आणि ट्रकचा संबंध जन्मापासूनचा आहे, हे मला भाचीने नंतर वाचून दाखवले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्यापान्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या सायकली पिकअप ट्रकमध्ये घालून डोंगरावर न्यायचे आणि कच्च्या वाटेने सुसाट खाली यायचे. खाली येईपर्यंत मागच्या ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळून धूर निघे. दर खेपेला हब खोलून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत त्याला 'रिपॅक' म्हणतात, म्हणून १९७६ साली तिथे सुरू झालेल्या शर्यतीचे नाव 'रिपॅक' पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी नवी सायकल बांधली. त्या पोरांना वर न्यायला ट्रक होता, म्हणून खाली येण्याची मजा होती. आमच्या पोरांना जातानाही पायडल मारायचे आणि येतानाही. त्यांची सायकल वेगळी ठरवावी लागणार, हे उघड आहे.

फेब्रुवारीत मी दहा टन लाल कांदा भरून निघालो. शिर्डी, कोपरगाव, येवला, मनमाड, मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा, महू, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा तो रस्ता. कांदा आझादपूरला उतरवला. लुधियानातून पुण्याच्या एका व्यापाऱ्याची सायकलींची शंभर खोकी आणायची, असे परतीचे भाडे ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर आधीच जमवले होते. ते भाडे नसते तर मी लुधियानाला गेलोच नसतो. दिल्लीहून ते पुढे तीनशे किलोमीटर आहे.

वाटेत सोनिपत लागते. तिथे १९५१ साली ॲटलास सायकल सुरू झाली. माझ्या वडिलांची पहिली सायकल ॲटलासच होती. त्याच कंपनीचा दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये ३ जूनला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. तिथल्या कामगारांना त्या दिवशी काय वाटले असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

लुधियाना म्हणजे सायकलींचे शहर. फाळणीच्या सुमारास पश्चिम पंजाबातून आलेल्या मुंजाल बंधूंनी १९५६ मध्ये इथे हीरो सायकल उभी केली. १९८६ मध्ये जगात सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली. पण शहर एका कंपनीवर चालत नाही. गल्लीगल्लीत कुठे नुसती पायडले, कुठे रिमा, कुठे सीटचे कव्हर बनते. गिल रोडला दुकानांची रांगच आहे. मी एका घाऊक दुकानात शिरलो.

"कितनी चाहिए? ग्यारह सौ?"

"नहीं जी, ग्यारह."

सरदारजी हसले, पण चहा पाजला. घाऊक बाजारात अकरा नगाला कोणी विचारत नाही. ट्रकवाला आहे, पुन्हा येईल, या हिशेबाने त्यांनी नग ६,२०० रुपये भाव दिला. त्यावर १२ टक्के जीएसटी. "बिल के बिना ले जाओ, सस्ता पडेगा," असे शेजारचा एक जण म्हणाला. मी पक्के बिल घेतले. कारण पैसे माझे नव्हते. ५० हजारांच्या वरचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना २०१८ च्या एप्रिलपासून ई-वे बिल लागते. ते दुकानदाराने काढून दिले. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. आमचा परतीचा रस्ता सोळाशे किलोमीटर, म्हणजे आठ दिवस. बिलावर प्रत्येक सायकलीचा फ्रेम नंबर लिहून घेतला. हा नंबर पायडलच्या सांध्याखाली ठोकलेला असतो. सायकल चोरीला गेली तर पोलिसात सांगायला तोच उपयोगी पडतो.

आता वाहतुकीचे. सायकल हा वजनाने हलका आणि जागेला भारी माल. माझा १७ फुटी हौदा कांद्याने दहा टन घेतो. सायकलींची एकशे अकरा खोकी भरली की तो गच्च होतो, आणि वजन जेमतेम दोन टन. म्हणून सायकलींचे भाडे टनावर नसते, जागेवर असते. कारखान्यातून येणाऱ्या खोक्यात पुढचे चाक, पायडले आणि सीट काढलेली असते, हँडल वळवलेले असते. खोके उभेच ठेवायचे. आडवे टाकले आणि वर दुसरे रचले की खालच्या सायकलीचा मागचा गिअर दबतो. गिअर उजव्या बाजूला असतो, म्हणून ती बाजू दुसऱ्या खोक्याच्या मऊ बाजूला लावायची, फळीला किंवा लोखंडाला नाही. भरण्याआधी मी हौदा दोनदा झाडला, कांद्याचा पाला आणि ओल काढली, खाली कोरडी पोती अंथरली. दोर खोक्यांवरून आवळताना काठाला जुन्या टायरचे तुकडे घातले, नाहीतर दोर पुठ्ठा कापतो. वर ताडपत्री. आमची अकरा खोकी सर्वांत शेवटी, फाळक्याजवळ, म्हणजे वाटेत राहुरीला आधी उतरवता येतील.

जोडलेली सायकल पिकअपमध्ये किंवा छोट्या हत्तीत न्यायची असेल तर एकीचे हँडल पुढे आणि दुसरीचे मागे अशा उलटसुलट लावाव्यात. मध्ये गोणपाट घालावे. दोर फ्रेमच्या त्रिकोणातून ओवावा. चाकाच्या आऱ्यांना किंवा ब्रेकच्या वायरला कधीही बांधू नये.

राहुरीला आलो तेव्हा संध्याकाळ होती. अर्धी वस्ती गाडीभोवती. उतरवण्याच्या घाईत एक खोके फाळक्यावरून घसरून खाली पडले. खोलून पाहिले तर गिअर ज्याला अडकवतात ती छोटी पट्टी वाकलेली. वहीतल्या क्रमाने ती सायकल नेमकी काकूंच्या पोराची निघाली. काकू सायकलीकडे पाहत उभ्या राहिल्या, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "दादा, ही दुरुस्त करून पाहिजे." आवाजात ना राग, ना विनवणी. मी नवी पट्टी नगरहून आणवली आणि तो खर्च माझ्या नावावर टाकला. भाडे घेतले की माल नीट पोचवण्याची जबाबदारी आली. मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याने मोठ्या वाहतूकदारांवर हीच जबाबदारी टाकली आहे. आमच्या वस्तीत तो कायदा कोणी वाचलेला नव्हता, काकूंनी तो मला ओट्यावरच सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावून सगळ्या सायकली जोडल्या. इथे एक सूचना. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते. ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून आवळायचे. पायडलवर उजवे-डावे लिहिलेले असते. जोर लावून चुकीचे घुसवले तर क्रँकचे आटे जातात आणि पूर्ण क्रँक बदलावा लागतो. टायरमध्ये हवा किती भरायची तो आकडा टायरच्या बाजूलाच लिहिलेला असतो. कमी हवेवर जाड टायर डांबरावर चिकटल्यासारखा ओढतो आणि दोष सायकलीला दिला जातो.

गिअर शिकवायचे काम माझ्याकडे आले. मी पोरांना विचारले, बिजासन घाटात दहा टन कांदा घेऊन मी कसा चढतो? "पहिल्या गिअरमध्ये!" बरोबर. गाडी हळू जाते, पण चढते. सायकलीचेही तसेच. मागची मोठी चक्री म्हणजे घाटाचा गिअर, लहान चक्री म्हणजे सपाट रस्त्याचा. गिअर अंगात नसलेली ताकद देत नाही, तो वेग घेतो आणि जोर देतो. फरक एवढाच, ट्रकचा गिअर क्लच दाबून बदलतात आणि सायकलीचा पाय फिरते ठेवून, हलक्या दाबाने. चढ लागल्यावर नाही, लागण्याआधी. पुढच्या रविवारी ही पोरे नगरला जाऊन चांदबीबी महालाचा डोंगर चढून आली. सगळे जण शेवटपर्यंत न उतरता चढलो, असे सांगतात. मी पाहायला नव्हतो.

आता हिशेब, जो मी त्याच ओट्यावर वाचून दाखवला. एका सायकलीची किंमत जीएसटी धरून ६,९४४ रुपये. भाडे ४०० रुपये, पुण्याच्या व्यापाऱ्याला लावले तेवढेच. हमाली ३०. कॅरिअर, मडगार्ड, स्टँड ५५०. मिस्त्रींची मजुरी २००. एकूण ८,१२४. तशीच सायकल नगरच्या दुकानात जोडून ९,००० ला होती. वर कॅरिअर वगैरे धरून ९,५५०. म्हणजे नगामागे वाचले १,४२६ रुपये. निम्म्यात पडतील असे जे वाटत होते, ते झाले नाही. आणि खास सायकलींसाठी मी गाडी काढली असती तर? जाऊन-येऊन बत्तीसशे किलोमीटर, लिटरला पाच किलोमीटर, म्हणजे ६४० लिटर डिझेल. त्या वेळच्या भावाने ६० हजारांच्या घरात. अकरा सायकलींवर वाटले तर प्रत्येकीवर साडेपाच हजारांचा बोजा. गाडी घरची असली तरी डिझेल घरचे नसते, हे त्या दिवशी सर्वांना आकड्यांत दिसले. चिडलेल्या जाणत्या गृहस्थांनी वही मागून घेतली, बेरीज स्वतः तपासली आणि ४३० रुपये माझ्या हातावर ठेवले.

२०२५ च्या २२ सप्टेंबरपासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. त्याच भावाच्या सायकलीत आज ४३४ रुपये वाचतात. दुकानात भाव विचारताना हे लक्षात असू द्यावे.

पण खरा नफा किमतीत नव्हता. भाचीचे जीपचे महिन्याचे हजार रुपये वाचले, म्हणजे आठ-नऊ महिन्यांत सायकल फिटली. नऊ किलोमीटरला तिला चाळीस मिनिटे लागत. प्रॅक्टिकल संपेपर्यंत थांबता येऊ लागले, कारण जीप भरण्याची वाट पाहायची नव्हती. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी सरकारने पैसे दिले. अर्थतज्ज्ञांनी नंतर पाहणी केली तेव्हा शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलेले दिसले. शाळा तीच होती, मास्तर तेच होते. मध्ये होते ते अंतर फक्त कमी झाले.

कॉलेज सोडलेल्या त्या दोन मुलींपैकी एकीच्या घरी आमच्या अकरांतली सायकल गेली होती. ती परत कॉलेजात आली. दुसरीचे तोवर लग्न ठरले होते. अकरांपैकी दोन सायकली पुढे विकल्या गेल्या, एक भिंतीला टेकून गंजते आहे. बाकीच्या चालू आहेत. भाची २०२३ मध्ये बारावी झाली आणि आता नर्सिंग शिकते आहे. तिची सायकल धाकट्या भावाकडे आहे. आजवर तिला दोन टायर, एक चेन आणि ब्रेकचे गुटके एवढे लागले. काकूंचा पोरगा त्याच सायकलीवर सकाळी दूध घालतो आणि मग शाळेत जातो. बदललेली पट्टी अजून टिकून आहे.

आपल्यात आता बऱ्याच जणांकडे टेम्पो आहे, पिकअप आहे, एखाद्याकडे ट्रक आहे. नातेवाइकांनी त्यांना काही आणायला जरूर सांगावे, पण आधी भाडे ठरवावे आणि ते कागदावर लिहावे. गाडीवाल्यानेही संकोच करू नये. भाडे घ्यावे, पावती द्यावी, आणि माल उतरवताना कोणी "हे दुरुस्त करून पाहिजे" म्हणाले तर मान खाली न घालता करून द्यावे.